तातेरावांची खरी मरळ

तातेराव काचीगुडा स्टेशनवर चौतीस वर्षं तिकीट तपासनीस होते. जानेवारीत ते रिटायर झाले, आणि फेब्रुवारी संपेपर्यंत घरच्यांच्या लक्षात आलं की नोकरी संपली असली तरी तपासणी काही संपलेली नाही. सकाळी दुधाच्या पिशव्या आल्या की ते चष्मा लावून तारीख वाचत. सिलिंडर आणणाऱ्याला थांबवून सील बघत. सून निशिगंधा कामाला निघाली की दारात उभे राहून विचारत, "मोबाईल? चावी? आयडी कार्ड?" आणि तिनं कार्ड दाखवलं की ते हातात घेऊन फोटो आणि चेहरा ताडून पाहत. एकदा तर म्हणाले, "यात केस मोकळे आहेत, आज बांधलेत. फोटो बदलून घे बरं."

निशिगंधा हिमायतनगरात रक्त तपासणीच्या एका लॅबमध्ये रिपोर्ट टाईप करायची. सासऱ्यांवर तिचा जीव होता, पण जिवालाही आठवड्यातून एक सुट्टी लागतेच. लॅबमधला तेजस दर रविवारी शहराबाहेर तळ्यांवर गळ टाकायला जायचा आणि सोमवारी माशाचे फोटो दाखवत टेबलाटेबलापाशी फिरायचा. निशिगंधानं त्याला विचारून सामानाची यादी केली, आणि आठ दिवसांनी काचीगुड्याच्या त्या तिमजली इमारतीत, पहिल्या मजल्यावर, एक लांबट खोका येऊन पडला.

खोक्यात काळी चकचकीत काठी होती, तिला बसवायचं रीळ होतं, हिरवा दोरा होता आणि एक रबरी बेडूक होता. बेडकाच्या पाठीला चिकटून दोन गळ, दोन्ही वर तोंड केलेले, म्हणजे पाण्यातल्या पानांत अडकायला नको.

"हा काय करतो?" तातेरावांनी बेडूक दाबून पाहिला.

"मामा, तो पाण्यावर टाकायचा. मरळ येते आणि गिळते."

"रबर?"

"तिला काय माहीत रबर आहे म्हणून!"

तातेराव जरा विचारात पडले. हा उघडउघड फसवणुकीचा मामला होता. पण फसवणूक करणारे आपण, हा अनुभव नवा होता. त्यांनी काठी उचलली, हवेत दोनदा सपकारली, आणि पंख्याचं एक पातं वाकलं.

त्यांना माशाची माहिती फक्त ताटातली. वडील हिंगोलीकडचं गाव सोडून रेल्वेत गँगमन म्हणून आले, तातेराव जन्मले ते रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. नदीत पाय घालायचा प्रसंग कधी आला नाही. त्यांच्या बायकोचं, मालनबाईंचं मात्र तसं नव्हतं. त्या पूर्णेकाठच्या गावच्या. त्यांचा बाप उन्हाळाभर डोहावर बसून मरळी धरायचा, आणि बापाच्या मागे बेडकांचं मडकं घेऊन चालायचं काम मालनबाईंकडे असायचं. पण हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मालनबाईंचा स्वभाव असा, की विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर लसूण सोलायचा. त्या लसूण सोलत बसल्या.

दोरा फेकायचा सराव गच्चीवर सुरू झाला. चौथ्याच फेकीला बेडूक कठड्यावरून खाली गेला आणि परत येईना. तातेरावांनी जोर लावला. खालून आवाज आला, "जय भीम तातेराव! बनियन पाहिजे असंल तर मागून घ्यावं की हो!"

दुसऱ्या मजल्यावरचे हणमंतराव आपल्या गॅलरीत उभे होते आणि त्यांचं दोरीवर वाळणारं बनियन वरवर निघालं होतं. हणमंतरावांचं अंबरपेठेत पंप आणि पाइपांचं दुकान. मूळचे उदगीरकडचे शेतकरी, पण दोन पिढ्या हैदराबादेत गेल्यानं जिभेवर मराठी, दखनी आणि तेलुगू यांची खिचडी शिजलेली. स्वभाव मोकळा, आवाज मोठा. इमारतीत कुठली गोष्ट लपवायची असेल तर ती हणमंतरावांना कळू न देणं, एवढा एकच मार्ग होता.

"रामराम, हणमंतराव," तातेराव वरूनच म्हणाले. "प्रॅक्टिस चालू आहे. मरळ धरणार आहे."

"धरा, धरा. पण कपडे घातलेली नक्को धरू!"

उप्पलच्या पुढे, स्कूटरवर अर्ध्या तासाच्या वाटेवर, तामरकुंटा नावाचं एक तळं आहे. एका अंगाला नवीन फ्लॅटांचे मनोरे, दुसऱ्या अंगाला म्हशी, आणि मधे कमळाच्या पानांनी भरलेलं पाणी. तळं मच्छीमार सोसायटीचं, पण राखणदार काठीवाल्यांना आडकाठी करत नसे. एका जाळ्यात जेवढं येतं तेवढं या लोकांच्या जन्मात येत नाही, हे त्याला पाहून पाहून माहीत झालं होतं.

तातेराव तिथे जाऊ लागले. दुसरे काठीवाले बांधावर ओळीनं बसत, पण आपलं नवखेपण चारचौघांनी बघावं हे त्यांना परवडणारं नव्हतं. म्हणून ते पार पलीकडे, म्हशींच्या बाजूला, एका बाभळीखाली जागा धरत. म्हशी काही बोलत नसत.

पहिल्या रविवारी त्यांना निर्माल्याची पिशवी मिळाली. आत अख्खा नारळ होता. दुसऱ्या रविवारी बाभळीची फांदी मिळाली, ती पाण्यातली नव्हे, डोक्यावरची. तिसऱ्या रविवारी मात्र काहीतरी घडलं. त्यांनी बेडूक पानांवर टाकला, टुणटुण ओढत आणला, आणि दोन पानांमधल्या मोकळ्या जागेत तो पोचतो न पोचतो तोच खालचं पाणी फुटलं. धप्पकन असा आवाज झाला, की एका म्हशीनं मान वळवली. तातेरावांनी विजेच्या वेगानं काठी खेचली. बेडूक हवेतून सूंऽ करत आला आणि त्यांच्या छातीवर आदळला. मरळ नव्हती.

त्या दिवशी घरी येताना ते स्कूटरवर एकटेच हसत होते. रात्री झोपेतसुद्धा त्यांचा उजवा हात दोनदा उडाला.

पण पुढच्या रविवारीही तसंच झालं, त्याच्या पुढच्याही. पाणी फुटायचं, तातेराव खेचायचे, बेडूक रिकामा परत यायचा. त्यांना कळेना चूक कुठे होतेय. इतकी चपळाई तर त्यांनी नोकरीतही दाखवली नव्हती. आणि काचीगुड्याच्या तीन नंबरच्या फलाटावर त्यांची चपळाई नावाजलेली होती.

एप्रिलच्या एका रविवारी ते काठी आणि रिकामी पिशवी घेऊन फाटकातून आत आले, तर हणमंतराव खाली गाडी पुसत होते.

"क्या कते तातेराव! मछलीको तिकीट पूछे क्या? बिना तिकीट की थी तो छोड दिये?"

फाटकाशी उभे असलेले तिघे-चौघे खो खो हसले. तातेरावही हसले. पण जिना चढताना त्यांचे कान तापलेले होते.

पुढच्या रविवारी तळ्यावरून येताना स्कूटर अंबरपेठच्या मासळीबाजाराशी आपोआप थांबली. कोपऱ्यावर यादम्मा नावाची बाई रोहू-कटल्याचा ढीग लावून बसायची. तातेरावांनी दोन मध्यम रोहू घेतले. यादम्मानं सवयीनं खवले काढायला विळी पुढे ओढली.

"नक्को, नक्को," तातेराव घाईनं म्हणाले. "अशीच द्या. पूर्ण."

यादम्मानं एकदा मासे पाहिले, एकदा स्कूटरला बांधलेली काठी पाहिली, आणि मासे पिशवीत घातले. तिच्याकडे असली गिऱ्हाइकं नवीन नसावीत.

त्या दिवशी तातेराव पिशवी अशी धरून फाटकातून आत आले, की दोन्ही शेपट्या बाहेर दिसाव्यात. हणमंतराव गाडी पुसायचे थांबले.

"अरे बापरे! दोन-दोन?"

"एक तर निसटली," तातेराव म्हणाले. पहिलं खोटं सोपं गेलं की दुसऱ्याला पायऱ्याच नसतात, घसरगुंडी असते.

असे पाच रविवार गेले. तातेरावांची कीर्ती तिन्ही मजल्यांवर पसरली. लोक वाटेत थांबवून विचारू लागले, रोहू कशाला भुलतो, पहाटे बरं की संध्याकाळी. तातेराव सांगत. आणि गंमत म्हणजे ते दर रविवारी तळ्यावर खरोखर जात, बाभळीखाली चार तास बसत, खरोखर बेडूक फेकत, खरोखर खेचत. फक्त शेवटचं स्टेशन तेवढं बदललेलं होतं. मालनबाई मासे घेत, साफ करत, कालवण करत. बोलत काही नसत.

मग मृग जवळ आला. मृग लागतो त्या दिवशी मासे खायचे, ही हैदराबादची जुनी रीत. त्या दिवशी मासळीबाजारात मुंगीला पाय ठेवायला जागा नसते, आणि मरळ, जिला इथे कोर्रमीनु म्हणतात, तिचा तर भाव विचारायचीही सोय नसते. यंदा मृग रविवारीच येत होता. त्याच्या आदल्या रविवारी तातेराव दोन कटले घेऊन आत आले, तेव्हा हणमंतराव फाटकात अर्ध्या इमारतीला घेऊनच उभे होते.

"ठरलं बगा," त्यांनी जाहीर केलं. "या मृगाला बाजारात कुणीच जायाचं नाही. धक्के खायाचे नाहीत. आपल्या घरचा मच्छीमार असताना परेशान कायकू होणं? तातेराव तळ्यातून कोर्रमीनु आणणार, वहिनी रस्सा करणार, आणि आपण सगळे गच्चीवर पंगत मांडणार. भात-भाकरी माझ्याकडून. बोला तातेराव!"

सगळे तातेरावांकडे पाहू लागले. चौतीस वर्षं त्यांनी माणसांना असं कोपऱ्यात गाठलं होतं. कोपऱ्यात गाठलेला माणूस काय करतो हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तो होकारार्थी मान हलवतो.

त्यांनी मान हलवली.

घरात आल्यावर ते स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल घेऊन बसले. मालनबाई मोरीत कटला साफ करत होत्या. निशिगंधा आणि तिचा नवरा आदर्श बाहेर गेलेले होते.

"आज बी दोन गावले?" मालनबाईंनी विचारलं.

"हो. लई झुंजावं लागलं."

मालनबाईंनी माशाचा कल्ला उघडला. आतून बर्फाचा एक खडा निघाला. तो त्यांनी चिमटीत धरून उजेडाकडे नेला. "आन् ह्यो बी तळ्यातच गावला का?"

तातेरावांनी बर्फाकडे पाहिलं. बर्फ वितळत होता. वितळायला वेळ लागत होता.

"तुला... कधीपासून?"

"पयल्या दिसापासून. तळ्यातला मासा घरी आला की त्याला चिखलाचा वास असतो. ह्याला टेम्पोचा वास होता."

"मग बोलली कामून नाहीस?"

मालनबाईंनी हात धुतले. पदराला पुसत म्हणाल्या, "रिटायर झाल्यापासून तुमी वाकून चालायला लागले होते. मासे आणायला लागल्यापासून ताठ चालत होते. म्हणलं, चालू द्यावं. पर आता सगळी बिल्डिंग जेवायला बसणार हाय. काय करणार?"

"पाणी फुटतं गं," तातेराव एकदम म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका कळवळला की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "देवाशपथ फुटतं. येते ती. मी लगेच खेचतो. तरी सुटते."

"लगेच खेचता?"

"लगेच! डोळ्याचं पातं लवायच्या आत."

मालनबाई हसायला लागल्या. त्या हसताना तोंडावर पदर धरत, पण आज हात ओले होते म्हणून तसंच हसल्या. "अवं, ती काय फुकट्या पाशिंजर हाय का, दिसली की दंड धरायला? उद्या मी येते. मला बगू द्या."

दुसऱ्या दिवशी काही जमलं नाही, लग्नाचं आमंत्रण निघालं. गुरुवारी मात्र दोघं उजाडताच स्कूटरवरून निघाले. मालनबाईंनी कडेला एक बादली धरली होती. बादली कशाला, असं तातेरावांनी विचारलं, तर म्हणाल्या, "लागंल." रिकाम्या बादलीवरचा हा विश्वास पाहून तातेरावांना भरूनही आलं आणि भीतीही वाटली.

तळ्यावर पोचल्यावर ते पानांशी गेले आणि काठी सपकारली. "थांबा," मालनबाई म्हणाल्या. "आधी बसा."

"बसून काय करू?"

"बगा."

पंधरा मिनिटं ते नुसते बसले. तातेरावांना आयुष्यात पंधरा मिनिटं काही न तपासता बसणं कधी जमलं नव्हतं. मग तळ्याच्या डाव्या कोपऱ्यात, पानांच्या फटीत, एक बारीकसा 'बुडुक' झाला आणि वलयं उठली.

"ती बगा. श्वास घेऊन गेली. मरळीला वर यावंच लागतं. माझा बाप म्हणायचा, मरळ सवताचा पत्ता सवता सांगते, आपण आयकत न्हाई. आता तिच्या पल्याड टाका. तिच्या डोस्क्यावर नगं."

तातेरावांनी फेकला. बेडूक पानावर पडला.

"हालवू नका. वलय इरू द्या. आता एकदा टुण. थांबा. पुन्हा टुण."

धप्प! पाणी फुटलं, आणि तातेरावांच्या हातानं मालकाला न विचारता काठी खेचली. बेडूक भिरभिरत वर गेला आणि बाभळीत जाऊन बसला.

मालनबाई बराच वेळ बाभळीकडे पाहत राहिल्या. "कळलं," त्या म्हणाल्या. "तुमच्यात काई खोट न्हाई. हातात खोट हाय. ती आधी नुसती तोंडात धरती. मग खाली वळती. वळली की घास आत जातो. तुमी ती वळायच्या आधीच तिच्या तोंडातून काढून घेता. कुणी असं ताटातलं वढून नेल्यावर कोण थांबंल?"

त्या दिवशी आणखी दोनदा पाणी फुटलं आणि दोन्ही वेळा हातानं ऐकलं नाही. घरी येताना अंबरपेठच्या कोपऱ्यावर स्कूटरचा वेग कमी झाला. मागून मालनबाईंनी त्यांच्या पाठीत बोट खुपसलं. स्कूटर पुढे गेली.

मृगाच्या रविवारी ते दोघं तामरकुंट्यावर पोचले तेव्हा आभाळ भरलेलं होतं पण कोरडं होतं, आणि म्हशी अजून यायच्या होत्या. गच्चीवर दुपारी अकरा माणसं जेवणार होती. तातेरावांना त्या अकराही जणांची तोंडं पाण्यात दिसत होती.

एक तास गेला. दुसरा गेला. 'बुडुक' झाला की टाकायचा, टुण, थांबा, टुण. मासळी जणू उपास धरून बसली होती. साडेआठच्या सुमाराला उजव्या हाताला, अगदी काठाजवळ, वाकलेल्या बोरूखाली पाणी हललं. मालनबाईंनी बोट दाखवलं. तातेरावांनी अलगद टाकला, बेडूक बोरूला टेकून पाण्यात घसरला. ते थांबले. वलयं विरली. टुण.

धप्प!

मालनबाईंनी दोन्ही हातांनी नवऱ्याचं मनगट गच्च धरलं. "गप!" त्या कुजबुजल्या. "गप... गप ऱ्हावा..."

तातेरावांच्या आयुष्यातला सगळ्यात लांब क्षण. दोरा सैल पडला होता. मग तो हळूच ताठ झाला आणि पाणी कापत डावीकडे चालू लागला.

"आता!"

त्यांनी खेचलं आणि काठी कमानीसारखी वाकली. पलीकडे कुणीतरी होतं. जिवंत, रागावलेलं, आपल्या मर्जीचं. रीळ कुरकुरलं, पानं उलटीपालटी झाली, तातेराव "धर! धर! धर!" असं ओरडत मागे सरायचं सोडून पुढे गेले आणि गुडघाभर पाण्यात उतरले. एक चप्पल चिखलात राहिली. मालनबाईंनी साडी खोचली, काठावरून दोऱ्याला हात घातला आणि एका झटक्यात मरळ गवतावर आणून टाकली.

काळपट हिरवी, सापासारख्या डोक्याची, अर्धा-पाऊण किलोची मरळ. गळ ओठातून सुटला, आणि ती गवतातून सळसळत परत पाण्याकडे निघाली. तातेराव झेपावले, ती हातातून साबणासारखी निसटली. पुन्हा झेपावले, पुन्हा निसटली. शेवटी मालनबाई तिच्या वाटेत बादली आडवी करून बसल्या, आणि मरळ आपल्या पायांनी आल्यासारखी आत गेली.

दोघंही धापा टाकत गवतात बसले. तातेराव चिखलानं माखलेले होते. बादलीत मरळ एकदा आपटली. ते बादलीवर वाकून बघत राहिले.

"बारकी हाय," मालनबाई म्हणाल्या.

"खरी आहे," तातेराव म्हणाले.

आणखी दीड तास टाकूनही दुसरी काही लागली नाही. अकराच्या सुमाराला ते फाटकातून आत आले. एका पायात चप्पल, हातात बादली, मागे मालनबाई. हणमंतराव आणि मंडळी वाटच बघत होती.

"आले, आले! दाखवा!"

तातेरावांनी बादली खाली ठेवली. सगळे वाकले. मरळीनं शेपटी मारली आणि हणमंतरावांच्या चष्म्यावर पाणी उडालं.

"जिवंत?" हणमंतराव म्हणाले.

"जिवंत," तातेराव अभिमानानं म्हणाले.

आणि नेमक्या त्याच क्षणी फाटकाशी एक डिलिव्हरीवाला येऊन थांबला. हातात मोठी थंडगार पिशवी. "निशिगंधा मॅडम? कोर्रमीनु, तीन किलो, साफ किया हुआ."

सगळ्यांच्या माना जिन्याकडे वळल्या. निशिगंधा जिन्यात उभी होती. तिनं हळूच डोळे मिटले. सासऱ्यांचे रोहू तळ्यातले नाहीत हे तिलाही कधीच कळलं होतं. मृगाच्या दिवशी मामांची फजिती नको, म्हणून बिचारीनं गुपचूप ऑर्डर केली होती आणि दहा वाजता येणारी ऑर्डर एक तास उशिरा आली होती.

हणमंतरावांनी डिलिव्हरीवाल्याकडे पाहिलं, मग बादलीकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सगळं समजल्याचा प्रकाश पसरला. "अस्सं! तातेराव, जिवंत कोर्रमीनु तर बाजारात टबातच विकतात की! ही एक नमुन्याला आणली, बाकी ऑनलाइन!"

"नाही हो! ही मी धरलीय! आत्ता! हिचा ओठ बघा, गळाचं भोक आहे!"

"भोक काय, कशानंबी पाडता येतं."

"माझी चप्पल बघा! चिखल बघा!"

"चिखल अंबरपेठच्या बाजारातबी लई हाय."

"मी होते तिथं," मालनबाई म्हणाल्या. "माझ्या डोळ्यानं बगितलं."

"वहिनी, तुम्ही नवऱ्याची बाजू घेणारच. घ्यायलाच पाहिजे." हणमंतरावांनी प्रेमानं मान डोलावली.

तेव्हा तातेरावांनी छाती भरून श्वास घेतला. "ऐका," ते म्हणाले. "आजपर्यंत जे रोहू आणले, कटले आणले, ते सगळे मी विकत आणले. अंबरपेठेतून. एकसुद्धा धरला नव्हता. तुमच्याशी खोटं बोललो. पण ही धरलीय. ही एकच खरी आहे."

मग हणमंतराव जे हसत सुटले ते खोकला लागेपर्यंत. "हौले समजे क्या हमको? खुळे वाटलो का आम्ही? पाच-पाच इतवार आम्ही आमच्या डोळ्यांनी शेपट्या पाहिल्या! ते विकतचे, आणि हीच तेवढी खरी? वा तातेराव! आज एक दिवस मिळाली नाही तर इतकं मनाला लावून घ्यायचं? मछली है, कभी आती, कभी नहीं आती." आणि त्यांनी तातेरावांच्या चिखलानं माखलेल्या खांद्यावर हात टाकून त्यांना जिन्याकडे नेलं.

गच्चीवर पंगत बसली. मालनबाईंनी तिन्ही किलो आणि बादलीतली एक, सगळं एकाच पातेल्यात घातलं होतं. सुकं खोबरं, तीळ, आंबटाला चिंच. अकरा माणसं बोटं चाटत जेवली. कुणी म्हणालं, हा तुकडा तळ्यातला लागतोय, कुणी म्हणालं, छे, हा ऑनलाइन. तातेराव वाढत होते आणि आपल्याला राग का येत नाही याचं त्यांना नवल वाटत होतं.

वाढता वाढता त्यांना एक माणूस आठवला. निझामाबादेकडून येणाऱ्या पॅसेंजरमधला, पांढरा पायजमा, हातात मुलीच्या लग्नाच्या पत्रिका. तो कळवळून सांगत होता, साहेब, तिकीट होतं, खिडकीतून उडालं. तातेरावांनी त्याच्याकडून दंड घेतला होता. असं सांगणारे त्यांना हजारो भेटले होते आणि हजारो खोटे होते. पण त्यातला एखादा आज आपण ज्या आवाजात बोललो त्याच आवाजात बोलत असेल, हे त्यांना इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. हातातली पळी थोडा वेळ तशीच राहिली. "तातेराव, रस्सा!" हणमंतराव ओरडले, आणि त्यांनी पळी वाटीत रिकामी केली.

पंगत उठली. निशिगंधा भांडी गोळा करताना सासऱ्यांजवळ येऊन हळूच म्हणाली, "मामा, माझ्यामुळे झालं सगळं. सॉरी."

"अगं, तू ऑर्डर केली नसतीस तर अकरा माणसांना मी काय शेपटी दाखवली असती?" तातेराव म्हणाले. "पण तुला तरी पटलं ना, की ती..."

निशिगंधानं मान हलवली. ती इतकी भराभर हलली की तातेरावांनी पुढे विचारलं नाही.

सगळे खाली गेले तेव्हा मालनबाई आणि तातेराव जेवायला बसले. पातेल्यात तळाला रस्सा होता आणि एक डोकं होतं. सापासारखं, ओठाला भोक पडलेलं. मालनबाईंनी ते उचलून नवऱ्याच्या ताटात ठेवलं.

"तू घे," तातेराव म्हणाले. "धरली तू."

"मी मनगट धरलं. मरळ तुमी धरली." त्यांनी भाकरी मोडली. "उद्या सोमवार हाय. तळ्यावर काठीवाले कमी असतात."

"जायचं?"

"जायचं की. त्या बोरूखाली अजून एक हाय, मोठी. मी बुडबुडा बगितला."

"आणि मनगट?" तातेरावांनी आपला उजवा हात पुढे केला. "अजून याचा भरवसा नाही मला."

"उद्या मनगट तुमी धरायचं," मालनबाई म्हणाल्या. "काठी मी धरणार."